पहिल्या मंगळवारची घंटा

आमच्या हॉस्पिटलातल्या ऑपरेटरताई वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. एक्स्चेंज बंद झालं आणि त्यांना माझ्या हाताखाली नेटवर्कला धाडलं. मी शिकलासवरलेला इंजिनिअर. मनात म्हटलं, झालं कल्याण!

पण बाई भारी हुशार. पोर्ट म्हणजे काय, हे मी तासभर घसा फोडून सिस्टरांना सांगितलं, कुणाच्या डोक्यात शिरेना. ताई उठल्या. "हॉस्पिटलचा नंबर एक, एक्स्टेन्शनं ढीगभर. तसंच हे. सर्व्हरचा पत्ता एक, पण वेबसाइट ४४३ वर बोलते, मेल २५ वर. चुकीच्या नंबरावर कोणी उचलत नाही." झालं, सगळ्यांना कळलं. मी मात्र धुसफुसत बसलो.

पुढे वरून हुकूम आला, वापरात नसलेले पोर्ट बंद करा. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. तिचा रक्तगट दुर्मिळ. दोन पिशव्या कशाबशा मिळाल्या होत्या, त्या खाली रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये. माझं लक्ष कुठलं ठिकाणावर! पंधरा दिवसांची नोंद चाळली, १६२ वर चिटपाखरू नव्हतं. केला बंद.

मंगळवारी सकाळी ताई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, १६२ तुम्ही बंद केलात?"

"अहो, त्यावर कोणी बोलतच नाही!"

"रक्तपेढीचा फ्रिज बोलतो. तोही तापला तरच. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी खाली जाते, त्याच्या तापमापीची कांडी मुठीत धरते, की इथे घंटा वाजते. आज वाजली नाही."

बहिणीच्या पिशव्या त्याच फ्रिजमध्ये होत्या. मी लगेच पोर्ट उघडला. ताई पुन्हा तीन जिने उतरल्या. घंटा वाजली.

गुरुवारी दुपारी त्या फ्रिजची मोटर बसली. घंटा खणखणली, रक्तपेढीवाल्यांनी दहा मिनिटांत सगळ्या पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या. शुक्रवारी बहिणीला दोन्ही लागल्या.

मी हात जोडले, तर ताई म्हणाल्या, "आभार राहू द्या हो. १६२ कुणाचा ते आधी वहीत लिहा."

ताई निवृत्त झाल्या, त्याला चार वर्षं झाली. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पहिल्या मंगळवारी आता मी खाली जातो, कांडी मुठीत धरतो. वर घंटा वाजल्याचं कळलं की बहिणीला फोन लावतो. काम काहीच नसतं.

"मंगळवार वाटतं आज?" ती विचारते.