पुसलेली खूण

दिघोरीत रत्नमालेला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी गावासाठी ती ‘काहून’, म्हणजे ‘का बरं’. भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा ती चौथीत होती. गुरुजींनी फळ्यावर नवा नकाशा काढला आणि ही बया हात वर करून उभी. “गुरुजी, नागझिऱ्याचं जंगल तं आपल्या साकोलीजवळ आहे. मंग ते तिकडं गेलं काहून?” गुरुजींनी काहीतरी सांगितलं, ते तिला पटलं नाही, आणि पुढचं ‘काहून’ तयारच होतं. अखेर गुरुजींनी हात टेकले आणि शाळा लवकर सोडली. त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचा बाप चिंधू अगदी उलटा. गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटायचं काम त्याच्याकडे होतं. पाळी ज्याची त्याला पाणी, आणि बोलणं बेताचं. वाट्याला आलेलं काम मुकाट करावं, कोणाला ‘का’ म्हणून विचारू नये, असा त्याचा खाक्या. आई वच्छला म्हणायची, “बापाच्या वाट्याचे सारे प्रश्न पोरगीच इचारून राहिली.”

आणि विचारत विचारत पोरगी कुठल्या कुठे गेली! लाखांदूरच्या कॉलेजात एस.टी.नं जाऊन बारावी, मग औषधशास्त्राची पदवी, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी नागपुरात मेंदूवरचं संशोधन. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेल्या आईला पहिल्यांदा प्रयोगशाळा दाखवली तेव्हा रत्नमालेच्या तोंडाला खळ नव्हता.

“आई, मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन राह्यते. एखादी गोष्ट हवीशी वाटते, हुरूप येते, माणूस धावत सुटते, त्याच्यात त्याचा मोठा हात आहे. अन् त्याच्याच भावकीतले दुसरे काही आहेत. ट्रेस अमाइन म्हंतात त्याइले. एवढुसे राह्यतात का बहुत वर्षं कोणी त्याइच्याकडं पाह्यलंच नाही! पण ते डोपामिनले हालवतात. कसे हालवतात, ते मी पाहून राहिली.”

वच्छलेनं लेकीच्या लकाकत्या डोळ्यांकडे पाहिलं. “म्हंजे तुह्या टकुऱ्यात ते डोपामिन लय आहे म्हन की!”

काम असं होतं. उंदराच्या मेंदूची पातळ चकती खाऱ्या द्रवात जिवंत ठेवायची, तिच्यात केसाहून बारीक कार्बनचा तंतू खोचायचा आणि विजेचा हलका झटका द्यायचा. झटक्यासरशी पेशींतून डोपामिन बाहेर पडे आणि पडद्यावर टेकडीसारखी रेघ उठे. ती टेकडी पहिल्यांदा उठली तेव्हा रत्नमाला खुर्चीवरून टुणकन उडाली होती. जिवंत मेंदूचा तुकडा आपल्याशी बोलतो म्हणजे काय चेष्टा आहे?

पण मग तिनं द्रवात ट्रेस अमाइन घातलं आणि घोडं पेंड खाऊ लागलं. पुस्तकं सांगत होती की त्यानं डोपामिन बाहेर लोटलं जातं. इथे तर टेकडी बुटकी होत चालली. पुन्हा केलं, पुन्हा बुटकी. सामान बदललं, तरी बुटकीच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचे मार्गदर्शक धनंजय सर शांतपणे म्हणाले, “रत्नमाला, पुस्तक चुकलं की आपण, हे सांगता यायला हवं. दसऱ्याची सुटी झाली की संशोधन समितीची बैठक आहे. तोवर उलगडा नाही झाला तर विषय बदलू. सोपा देतो.”

सोपा! तिला तो शब्द चपराकीसारखा लागला. हा विषय तिच्या जिवाचा होता. तो हातातून गेला असता तर पदवी मिळाली असती, पण तिच्या सगळ्या ‘काहून’मधला सर्वांत मोठा ‘काहून’ दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर गेला असता. दसरा झाला आणि यंदाही दीक्षाभूमीवर आलेल्या आईबरोबर ती गावी आली, तोंड एवढंसं करून.

धान निसवत होतं. शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर पोचट. सकाळी ती बापाबरोबर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर गेली, तर शेवटच्या टोकाला शेत असलेला सोमाजी आधीच येऊन ओरडत होता. तुडुम म्हणजे तलावाचं दगडी दार. ते पूर्वीइतकंच उघडतात म्हणे, पण पाणी पूर्वीच्या जोरानं येत नाही, त्याच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत पोचतच नाही.

“चिंधूभाऊ, पानी कमी सोडून राहिले तुमी!”

“नाही बापा. खुणेपरमानं सोडतो. हिशोब बरोबर आहे.”

खुणेचा प्रकार असा. पूर्वी कधीतरी कोणाची खूण कोणती यावरून गावात काठ्या निघाल्या होत्या. तेव्हापासून दिघोरीचा नियमच झाला की प्रत्येक पाळी कोऱ्या दगडावर सुरू करायची. पाळी सुरू होताना पाणी असेल तिथे तुडुमाजवळच्या दगडावर चुन्यानं रेघ, आणि दार बंद करताना खाली दुसरी. मधलं अंतर म्हणजे त्या पाळीचं पाणी. पुढच्या पाळीला दोन्ही रेघा पुसायच्या आणि नवी ओढायची. भांडण मिटलं, आणि त्यानंतर कोणी त्यात डोकं घातलं नाही.

चिंधूनं ओलं फडकं घेतलं आणि दगडावर हात ठेवला.

“बाबा, पुसू नका!”

चिंधू दचकलाच. रत्नमाला पायऱ्या उतरून पाण्याशी गेली होती. “मागच्या पाळीची खालची रेघ हेच ना? दार बंद केलं तवा पानी इथं होतं?”

“हो.”

“मंग आता ते हातभर खाली काहून आहे? दार तं बंद होतं!”

चिंधू, सोमाजी दोघंही वाकून पाहू लागले. ऊन म्हणावं तर एवढं पाणी ऊन पीत नाही. जनावरं म्हणावी तर गावात हत्ती नाहीत. सोमाजी बांधाच्या पलीकडे उतरला आणि तिथूनच ओरडला. पायथ्याशी खेकड्यांनी बिळंच बिळं केली होती. पाणी धारेनं नव्हे, नुसतं पाझरत होतं. आवाज नाही की काही नाही. तलाव आतून रिता होत होता. म्हणूनच दार उघडल्यावर जोर उरत नव्हता. आणि चिंधू दर पाळीला खूण पुसून, त्या पाझराचा पुरावा आपल्याच हातानं धुऊन टाकत होता.

“काखेत कळसा अन् गावाले वळसा!” सोमाजी कपाळावर हात मारून म्हणाला.

पण रत्नमालेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पाण्यात घोटाभर उभी राहून दगडाकडे पाहत होती आणि अंगावर सरसरून काटा येत होता. “बाबा,” ती म्हणाली, “आमची मशीनबी दगड पुसते.”

“का म्हन्तं?”

“प्रत्येक झटक्याच्या आधी ते मागचं सारं वजा करते, अन् कोऱ्यावरून मोजते! झटक्याचं तेवढं दिसते. मधात हळूहळू पाझरलं ते दिसनारच नाही! ते कमी नाही होऊन राहिलं बाबा, ते पाझरून राहिलं! झटक्यासाठी उरतेच कमी, म्हनून टेकडी बुटकी!” आणि ती बापाचा चुन्यानं माखलेला हात धरून त्या पायऱ्यांवर चक्क नाचली. चिंधूला ओ की ठो कळलं नाही, पण लेक नाचते म्हणजे चांगलंच असणार, एवढं कळलं.

दुपारच्या एस.टी.नं ती निघालीच. वच्छलेनं बांधून दिलेली भाकर साकोली येईपर्यंत सोडायचीही आठवण राहिली नाही.

बैठकीत धनंजय सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पण हे दाखवायचं कसं?” तिनं तेही ठरवून आणलं होतं. झटका द्यायचाच नाही. दार बंद ठेवायचं, चकतीवरून वाहून आलेला द्रव थोडा थोडा गोळा करायचा आणि दुसऱ्या यंत्रात डोपामिन मोजायचं. ट्रेस अमाइन घालून एकदा, न घालता एकदा. सरांनी विषय बदलायचा कागद बाजूला सारला. “कर,” ते म्हणाले.

आकडे आले तेव्हा ती धावत प्रयोगशाळेबाहेर गेली आणि थेट घरी फोन लावला.

“बाबा! पाझरते! न घालता काही नाही, अन् अमाइन घातलं का झटक्याबिगर डोपामिन चढतच जाते! मले विषय ठेवायले सांगितला सरांनी!”

पलीकडे चिंधूजवळही सांगायला बरंच होतं. बिळं बुजवून झाली होती, सोमाजीच्या बांधीत पाणी पोचलं होतं, आणि गावाशी हुज्जत घालून तुडुमाच्या दगडावर चिंधूनं तेलाच्या रंगानं न पुसणारी रेघ ओढली होती. ते सारं तो सांगणार होता. पण आयुष्यात कधी न विचारलेली एक गोष्ट त्याच्या तोंडून आधी निघून गेली.

“पन बाई, आपल्या तलावाच्या पारीत तं खेकडे होते. तिथं ते पाझरते काहून?”

रत्नमालेच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. “मले नाही माहीत, बाबा,” ती हसत रडत म्हणाली. “अजून कोनालेच पक्कं माहीत नाही.”

“मंग पाह्य ना,” चिंधू म्हणाला. “सांगजो मले.”