भातलावणीनंतरची जागा

सुलभाताई राऊत यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच कारखान्याच्या गेटवर झाली, तीही समोरासमोर उभं राहून. तलासरीजवळ मी प्लास्टिकच्या बाटल्यांचा छोटा कारखाना नुकताच उभा केला होता; ताई कामगार खात्यात अधिकारी होत्या.

आपल्याकडे भातलावणी आली की कामगार गावी जातात. ऑर्डर थांबत नाही, म्हणून आम्ही मालक त्यांच्या जागी ठेकेदाराकडून दुसरे घेत असू. लावणी उरकून आलेले मग बेकार. त्या वर्षी माझा साचे बसवणारा, गंजाडचा जानू वरठा, असाच बाहेर राहिला होता.

"शेठ, याला का काढलंत?" त्याला सोबत घेऊन आलेल्या ताईंनी विचारलं.

"मी कुठं काढलं? तोच गेला."

"मंग भात कोन लावनार, तुमी?" जानू म्हणाला.

"पुढच्या पावसातही जाणार?" ताईंनी विचारलं.

"जानार ना, बाय."

"ऐकलंत?" मी म्हणालो. "याला परत घ्यायची सक्ती केलीत, तर पुढे मी माणसंच कमी घेईन."

"कमी घ्याल, खरं आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच आत बसून बोलू. चहा तुमचा, की तोही ठेकेदाराचा?"

ठरलं ते असं: आधी सांगून पाळीपाळीनं जायचं, परतल्यावर जागा तीच. बदली माणसाला काम लावणीपुरतंच, हे आधीच सांगायचं; कायम जागा निघाली की पहिला हक्क त्याचा.

जानू आत आला आणि त्याच्या जागी घेतलेला वरोरचा माणूस बाहेर पडला. ताई चहा अर्धा टाकून उठल्या, त्याला शेजारच्या कारखान्यात घेऊन गेल्या. तिथंही जागा नव्हती. परतल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. पुढच्या रिकाम्या जागेवर मी त्यालाच घेतलं. तसं ठरलंच होतं, पण ताईंचा तो चेहरा पाहिला नसता तर कदाचित विसरलो असतो.

या तडजोडीनं बेकारी हटली, असं मी लिहिणार नाही. आतल्यांची नोकरी टिकली. नवी भरती मात्र मी हात आखडूनच केली. ताईंनी हे कधी नाकारलं नाही. निवृत्तीनंतर डहाणू रोडच्या बाजारात भेटल्या, तरी धंदा कसा चाललाय हे नंतर, आधी विचारतात, "सध्या बाहेर कोण राहिलंय?"

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे, नजर आणि आवाज ठणठणीत राहोत. आम्हा मालकांना गेटबाहेर बघायला लावणारं माणूस अजून पुष्कळ वर्षं हवं आहे.