उपाशी ओळ

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, कमतरतेत आहे, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका आमचा शेजारी निघाला. शेतकी खात्यातून निवृत्त होऊन काका आमच्या कट्टा गावात राहायला आले ते मक्याचं बियाणं घेऊनच. भात-काजूच्या मुलखात मका! आमच्या तांबड्या मातीत मक्याला नेमकं किती स्फुरद घालावं लागतं, हे शोधल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असा त्यांचा पण होता. एरवी मालवणीत बोलणारे काका स्फुरदावर आले की थेट कचेरीतल्या मराठीत शिरत. "आपली माती कंजूष आहे. घातलेलं स्फुरद धरून ठेवते, झाडाला देत नाही," हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत आणि एकदा चक्क तिरडी बांधता बांधता ऐकवलं होतं. लोक त्यांना पाहून वाट बदलत. मला ती सोय नव्हती, आमच्या मधे फक्त एक दगडी कुंपणाचा गडगा होता.

मूलबाळ नव्हतं. घरात ऐकायला एकटी काकी. परसात मक्याच्या ओळी. प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीपेक्षा जास्त खत आणि स्वयंपाकघराच्या दारालगतची ओळ मुद्दाम उपाशी. स्फुरदाअभावी तिची पानं जांभळी पडली की मातीची खरी भूक कळणार. पण दर पावसाळ्यात ती ओळ हिरवीगार! काका कधी मातीला खोटारडी म्हणत, कधी बियाण्यावर खापर फोडत. मासे धुतलेलं पाणी, काटेकुटे आमच्याकडे माडाच्या मुळात घालतात. ते घेऊन जाता जाता काकी म्हणायची, "एकाक उपाशी ठेवून बाकीच्यांका वाढूचा, ह्यां खंयचा शास्त्र?"

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन काकी गेली. काकांनी त्या पावसाळ्यातही मका लावला, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

एका सकाळी गडग्यावरून हाक आली, "रे, हयसर ये." उपाशी ओळीची पानं कडेने जांभळी पडली होती. इतक्या वर्षांनी काकांना उत्तर मिळणार होतं! मी आनंदाने काही बोलणार, तोच त्यांनी मूठ उघडली. झाडांच्या बुडाशी उकरताना सापडलेले बांगड्याचे काटे होते.

"माडाक घालीत नव्हती रे ती," ते म्हणाले. "ह्या वळीक वाढीत होती."

मला फार वाईट वाटलं. इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून बांगडे आणले. काकी गेल्यापासून त्या घरात मासे शिजले नव्हते. धुतलेलं पाणी ते जपून उपाशी ओळीत ओतत होते.

"काका, प्रयोग बिघडतलो," मी म्हणालो.

"बिघडांदे. ही जांभळी पानां तिका बघवली नसती."

आमच्या मातीत मक्याला किती स्फुरद लागतं, ते अजून कुणाला कळलेलं नाही. गडग्यापलीकडून ऐकवणारंही आता कुणी नाही.