बनगोंदली

छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा मी रायपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि थकलेली होते. कारण विचारलं असतं तर एक असं सांगता आलं नसतं. राजधानी झाल्यापासून वर्गात मुलांची गर्दी वाढली होती, शिकवणारे मात्र तेवढेच. नवरा रेल्वेच्या ऑफिसात, सकाळी जायचा तो दिवेलागणीला परत. घरी सासूबाई हळूहळू सगळं विसरत चालल्या होत्या. गॅस बंद करायला विसरत, जेवलेलं विसरत. वर्ध्याचं माहेर तेवढं त्यांना लख्ख आठवायचं.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. नवी राजधानी त्याच बाजूला बांधायची होती आणि माळावर रस्त्यासाठी खुंट्या ठोकून झाल्या होत्या. परतताना स्कूटर पंक्चर झाली. नवरा स्टेपनी बदलत होता, मी मोहाच्या झाडाखाली बसले. समोर भाजून निघालेल्या मुरमातून चार-पाच हिरवे दांडे सरळ वर आले होते. पान एकही नाही. प्रत्येक दांड्यावर लांब नळीची पांढरी फुलं, उन्हानं मान टाकलेली.

हे झाड मी एकदाच पाहिलं होतं, विद्यार्थी असताना, हर्बेरियमच्या कागदावर चिकटवलेलं, तपकिरी झालेलं. ते दुर्मीळ होतं आणि आमच्या भागात त्याची नोंद नव्हती. जवळ शेळ्या चारणाऱ्या बाईला मी नाव विचारलं.

"बन गोंदली आय," ती म्हणाली. गोंदली म्हणजे कांदा, बन गोंदली म्हणजे रानकांदा. "छेरी घलो नइ खाय." शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत.

एक दांडा मी तोडून पर्समध्ये ठेवला. घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा झाला. पुढच्या रविवारी परत गेलो तर बहर संपलेला होता. नुसत्या कांद्यावरून जात ओळखता येत नाही, फूल लागतं. मी दुसऱ्या वर्षाची वाट पाहायचं ठरवलं. पण दुसऱ्या वर्षी मेच्या आधीच कामाला सुरुवात होणार असं कळलं, आणि मी त्या कामाच्या इंजिनिअरला भेटायला गेले.

"मैडम, प्याज के लिए रोड घुमा दें क्या?" तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता. भोपाळहून बदलून आलेला माणूस, डोळे जागरणानं लाल. चहा मागवून म्हणाला, "ले जाइए न, जितना ले जाना है. अगले हफ़्ते मशीन लग जाएगी."

रविवारी आम्ही सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेलो. कांदे हातभर खोल होते. नवऱ्याच्या तळहाताला फोड आले, तरी एकही कांदा त्यानं तुटू दिला नाही. पोत्यात भरून ते आम्ही चौबे कॉलनीतल्या घराच्या गच्चीवर आणले आणि कुंड्यांत लावले.

पावसाळ्यात पानं आली, दिवाळीनंतर वाळली. आता ते कांदे पुढच्या मेपर्यंत कोरडे राहायला हवे होते. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि विसरल्या. रोज सकाळी त्या पाण्याचा मग घेऊन जिना चढायच्या आणि कुंड्यांत पाणी ओतायच्या.

"आई, त्याले पाणी नका घालू, ते झोपलं आहे," मी म्हणायचे.

"काहून उपाशी ठेवून राहिली त्याले? तहानलं असन ते बिचारं."

जिन्याला कडी लावली तर त्या दारापाशी बसून रडायच्या. दोन उन्हाळे फूल आलं नाही. मग एकेक कांदा कुजू लागला. कुंडी उपडी केली की आत काळा चिखल आणि वास. रागावण्याचंही त्राण मला उरलं नव्हतं. शेवटचा एक कांदा राहिला, तेव्हा नवऱ्यानं ती कुंडी जिन्याच्या खोलीच्या वरच्या स्लॅबवर चढवून ठेवली आणि तिच्या जागी सदाफुली आणून लावली. सासूबाईंना फरक कळला नाही. त्या सदाफुलीला पाणी घालत राहिल्या, तिच्याशी वर्ध्याच्या गोष्टी बोलत राहिल्या.

त्या गेल्या त्या हिवाळ्यात. घर एकदम रिकामं झालं. आराम मिळेल असं मला वाटलं होतं, तो काही मिळाला नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका सकाळी नवरा टाकी बघायला वर चढला आणि त्यानं मला हाक मारली. दांडा वर आला होता, वरची फुलं उमलली होती. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मंद वास होता. मला ठाऊक होतं की ऊन चढलं की फुलं मान टाकणार. मी कात्री आणायला खाली वळले.

"तोडून राहिली?" तो म्हणाला. "आई गेली अन् त्याच वर्षी फूल आलं, अन् तू तोडणार?"

"तोडल्याशिवाय ते काय आहे हे कुणी मानणार नाही."

"नाही मानलं तर नाही."

मी कापलं. तो न जेवता ऑफिसला गेला. मी फुलं कागदात पसरली, वर पाट ठेवला, पाटावर वरवंटा. फुलं नीट वाळायची तर कागद रोज बदलावे लागतात. तिसऱ्या दिवशी पेपर तपासून उशिरा घरी आले तर तो खाली बसून स्वतःच कागद बदलत होता. पाकळी फाटू नये म्हणून श्वास रोखून. "असंच नं?" त्यानं विचारलं. त्या तीन दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

नमुना मी बाहेरगावच्या एका तज्ज्ञाकडे पाठवला. कितीतरी महिन्यांनी फोन आला. ओळख बरोबर होती, तेच दुर्मीळ झाड. त्यांच्या आवाजात आनंद होता. मूळ जागा कुठली म्हणून लिहू, असं त्यांनी विचारलं.

"तिथं आता रस्ता आहे," मी म्हटलं. "खेड्याचं नाव लिहा."

फोन ठेवला. नवरा कूलरमध्ये पाणी भरत होता. "काय म्हणाले?"

"तेच आहे."

"मग आता काय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि कूलरसमोर चटई टाकून आडवी झाले. त्यानं कूलरच्या हवेचा रोख माझ्याकडे वळवला. मला लगेच झोप लागली.