प्रयागबाईची सकाळची पाळी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शिरपूर जैनमध्ये निम्म्या गावानं हे प्रयागबाईला ऐकवून झालं होतं. तिचं उत्तर ठरलेलं असे. "मंग मी येडी. चढतो मी."

माहेर तिचं कामरगावचं. लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्याच्या मळ्यात मेथी, वांगी, कोथिंबीर पिकवायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन बाजार गाठायचा, हेच तिचं आयुष्य. एकदा कंडक्टरनं टोपली गाडीत घ्यायला नकार दिला, तर ही बाई एसटीच्या दारात उभीच राहिली. टोपली आत गेली तेव्हाच गाडी हलली. नवरा हिरालाल मात्र साधा माणूस. भांडण दिसलं की त्याला हमखास बैलाची वैरण आठवायची.

मळ्याची विहीर सामाईक. सासऱ्यांनी ठरवून दिलं होतं, सकाळचं पाणी हिरालालचं, दुपारनंतरचं त्यांच्या पुतण्याचं, गजेंद्राचं. सासरे गेले आणि गजेंद्राला एकदम सकाळही आपलीच वाटू लागली. तो प्रयागबाईच्या मोटरीची वायर काढून ठेवू लागला. तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या आणि मग तालुक्याच्या कोर्टात दावा लावला.

तिची वकील रूपाली, वयानं लेकीएवढी. आधी तिनं अर्ज केला की कोर्टानं माणूस पाठवून विहीर पाहून घ्यावी. तो नामंजूर झाला. प्रयागबाई तिथंच तडकली. "चाल, वर अपील कर!"

"काकू, प्रत्येक हुकमावर अपील होत नाही," रूपाली म्हणाली. "याच्यावर नाही. शेवटचा निकाल विरुद्ध गेला, तर त्याच्या अपिलात हेही मांडू."

झालं. प्रयागबाईनं मनाशी गाठ बांधली, शेवटच्या निकालाआधी अपील नसतं. आणि ही गाठच तिला नडली.

दुसरा अर्ज मोठा होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत गजेंद्रानं सकाळच्या पाण्याला हात लावू नये, असा मनाईहुकूम तिनं मागितला होता. तोही नामंजूर झाला. त्या दिवशी रूपाली दुसऱ्या एका खटल्यासाठी परगावी होती, प्रयागबाईसोबत तिचा सहकारी होता. प्रयागबाईनं "नामंजूर" एवढंच ऐकलं आणि गाडी धरली. रूपालीचा फोन आला तोही उचलला नाही.

शिरपुरात जुनी रीत आहे. पंचांच्या बैठकीत जो हरतो, तो त्याच दिवशी विहिरीवरचं आपलं सामान आपल्या हातानं उचलतो. कोणी सांगायची वाट पाहणं कमीपणाचं. प्रयागबाई भांडखोर होती, पण बेइमान नव्हती. तिनं हिरालालला हाक मारली, दोघांनी दोर लावून मोटर वर ओढली आणि घरी आणून ठेवली. ओढताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं असं पुसलं की जणू घामच होता.

गजेंद्रानं गावात पेढे वाटले. एक पेढा तिच्याही दारात पाठवला. तिनं तो कुत्र्याला घातला. मेथीचे वाफे वाळून गेले, वांगी माना टाकू लागली.

मग एके सकाळी रामराव आले. गावातले जुने पंच, ताकाला जाऊन भांडं लपवणारे. पिकापाण्याच्या गप्पा झाल्या, चहा झाला, तेव्हा कुठं भांडं बाहेर आलं.

"प्रयागे, कोर्टात आपसात करून टाक. गजेंद्राचं भागल्यावर उरलं ते पाणी तुह्यं. बस एक सही दे. पण लवकर कर, याच हप्त्यात."

प्रयागबाईनं कप खाली ठेवला. "रामरावभाऊ, तो तं जितला ना? जितलेल्या माणसाले माह्यी सही कायले पायजे?"

रामरावांना तेवढ्यात काहीतरी काम आठवलं.

ती तशीच उठली, अर्ध्या तिकिटात तालुक्याला गेली आणि रूपालीसमोर बसली. रूपालीनं आधी फोन न उचलल्याबद्दल तिला चांगलं झापलं, मग मोटरीचं ऐकून कपाळाला हात लावला.

"मोटर उचला असं कोर्ट म्हणालं होतं?"

"नाई. पण हरली ना मी."

"अर्ज नामंजूर झाला काकू, दावा नाही. पाण्यावरचा तुमचा हक्क कोणी काढला नाही. आणि मनाईहुकूम नाकारला, तर त्याच्यावर अपील होतं. लगेच होतं, वाशीमच्या जिल्हा कोर्टात. मुदत महिन्याची, त्यातले थोडेच दिवस उरलेत. म्हणून तर त्यांना सहीची घाई. आपसात झालेल्या हुकमावर मग अपील नसतं."

प्रयागबाईला राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. "लिही," ती म्हणाली. "आत्ता लिही. मी इथून हालत नाई."

वाशीमला अपील दाखल झालं, तारखा पडल्या, आणि हिरालाल एकदाही वैरणीचं नाव न काढता सोबत गेला. तिची मोटर त्या विहिरीवर वर्षानुवर्षं होती, हे गजेंद्रानं स्वतःच्याच जबाबात कबूल केलं होतं. खालच्या कोर्टानं त्याकडे पाहिलंच नव्हतं. जिल्हा कोर्टानं पाहिलं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत सकाळचं पाणी प्रयागबाईचं, असा हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी दोघं मोटर घेऊन विहिरीवर गेले, तर गजेंद्र तिथंच उभा. "वहिनी, मीबी अपील करीन याच्यावर!"

"अपिलाच्या हुकमावर आनखी अपील नाई होत, भाऊजी. दुसरा रस्ता असंल तं वकिलाले पुसा. तुमाले नागपूरचं हायकोर्ट दिसंल, मी बाजारात दिसंन. आखरी निकाल माह्या इरुद्ध गेला, तं मीबी वर जाईन. आता बाजूले सरका, पाळी माह्यी हाय."

मोटर खाली सोडली. बटण दाबलं. पाटात पाणी आलं.

हिरालाल दोर गुंडाळत होता. त्यानं भीत भीत विचारलं, "दोर इथंच राहू देऊ का? उद्या मोटर काढा लागली तं?"

"घरी ने," प्रयागबाई म्हणाली, "अन् बैलाले बांध."