कवेलू फेरायला चढलेले शेजारी

मे १९५८, नेर. घराचे कवेलू फेरायची, म्हणजे छपरावरची कौलं काढून पुन्हा नीट बसवायची, मजुराची मजुरी तीन रुपये द्यावी असं आमचं ठरत होतं. मी, बायको आणि शेजारचे कारकून हजर होतो. बायकोचं बाळंतपण भर पावसाळ्यात येणार होतं, त्यामुळे छत गळून चालणार नव्हतं.

"भाऊ, मजूर कायले? मी हाय ना!" म्हणत कारकून वर चढलेसुद्धा. लग्न असो की मयत, ते बोलावण्याआधीच हजर असत. तासाभरात पंधरा कवेलू फुटले.

"भाऊजी, मन तुमचं सोन्याचं, पण पाय हत्तीचे!" बायको खालून ओरडली.

"उतरा," मी म्हणालो. "मन चांगलं असलं म्हणून छत गळाचं थांबत नाही."

ते उतरले. दुसऱ्या दिवशी जाणता माणूस त्यांनीच आणला आणि दिवसभर उन्हात उभं राहून त्याला खालून कवेलू दिले.

मजुरीचे तीन रुपये मी दिले. फुटलेल्या कवेलूंचे पैसे त्यांनी कुंभाराला दिले. मी अडवलं नाही.