दोन किलोच्या आत

माझे दाजी वजनकाटे दुरुस्त करतात. चाळीस वर्षं हेच काम. दुकानात काटा आला की ते आधी हत्यारांच्या पेटीला हात लावत नाहीत. जवळची एखादी वस्तू तळहातावर तोलतात, वजन सांगतात आणि मग ती काट्यावर ठेवतात. आकडा जुळला नाही तर चूक काट्याची. त्यांच्या अंदाजात दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडलेला मी तरी पाहिला नव्हता. काटा मारणारे दुकानदार त्यांना लांबून बघून रस्ता बदलायचे. लग्न झाल्यावर माझ्या बहिणीला, म्हणजे ताईला, त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती काटा लावायची, म्हणजे खात्रीचं वजन ठेवून त्याचा आकडा बरोबर करायची. लोक बायकोला फिरायला नेतात.

मग जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. महिनाभर त्यांनी जिन्याला नावं ठेवली. शेवटी तपासणी झाली आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन. छाती उघडली, पायातली शीर काढून हृदयाला जोडली, छातीचं हाड तारेने बांधून बंद केलं. घरी सोडायच्या दोन दिवस आधी डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, रोज चालायचं, आणि तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.

"भांड्यासकट की भांड्याशिवाय?" दाजींनी विचारलं.

"भांड्यासकट," बाई म्हणाल्या. त्यांना ही थट्टा वाटली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पलंगाशेजारच्या टेबलावर आला. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी दाजींनी तो स्वतः लावून ठेवला होता. आता काट्यावर चढल्याशिवाय कुठलीच वस्तू ते वापरायचे नाहीत. किटली, पुस्तक, पाण्याचा जग. खोकताना धरायची उशीसुद्धा त्यांनी ताईला वजन करायला लावली. ताई निमूट करत होती, आणि ताई निमूट काही करते तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

मी रोज संध्याकाळी त्यांना चालायला न्यायचो. आधी दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग कोपरा ओलांडून औषधांच्या दुकानापर्यंत. ऑपरेशननंतर त्यांना रडूही फार लवकर यायचं. औषधवाल्याने "बरं आहे ना?" एवढंच विचारलं तरी डोळे भरून यायचे. अशा वेळी मी खोकल्याच्या बाटल्या वाचत उभा राहायचो.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. जुन्या सवयीने ते वस्तू आधी हाताने तोलून बघत आणि अंदाज सांगत. किटली बाराशे म्हणाले, काट्यावर दीड किलो. जाड पुस्तक आठशे म्हणाले, भरलं एक किलो. तिसऱ्या आठवड्यात ते हसले, पाचव्यात गप्प झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा ऑपरेशननंतर कधीकधी बोटं बधिर होतात, येईल हळूहळू ताळ्यावर. दाजींनी त्यातलं 'बधिर' तेवढं घेतलं.

"हात गेला रे माझा," एकदा कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले. "ज्याचा हात खोटं बोलतो त्याने दुसऱ्याचे काटे लावू नयेत."

दुकान एका दुसऱ्या कारागिराला द्यायचं ठरलं. त्याचा त्या जागेवर केव्हापासून डोळा होता. तीन महिने तर होऊ द्या, असं मी सांगून पाहिलं, पण ते ऐकतात कसले! ऑपरेशनला सात आठवडे झाले, त्या रविवारी सकाळी दहाला तो चाव्या घ्यायला येणार होता.

साडेनऊला मी पोचलो तर दाजी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. दुकानाच्या चाव्यांचा जुडगा हातात. तो त्यांनी तोलला, "दोनशे चाळीस," असं पुटपुटले आणि काट्यावर ठेवला. आकडा आला तीनशे.

त्यांनी जुडगा उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तीनशेच. मग म्हणाले, "हा जुडगा दोनशे चाळीसच आहे. चाळीस वर्षं दुकान उघडलं की पहिल्यांदा याचंच वजन करतो मी."

"मग?"

"अरे, हात बिघडला तर कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. बाराशेचे पंधराशे, आठशेचे हजार, दोनशे चाळीसचे तीनशे. दर वेळी बरोब्बर सव्वापट. असा हात चुकत नाही, काटा चुकतो. आणि आपोआप नाही चुकत, कुणीतरी चुकवतं." त्यांनी मान वळवली. "काटा लावताना यंत्र एक किलोचं वजन मागतं. तू काय ठेवलंस?"

ताई दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "आठशे."

"माझ्या घरात! माझा काटा!"

"मग काय करणार होते मी? दोन किलो म्हटल्यावर तुम्ही एक हजार नऊशे नव्व्याण्णव उचलणार, हे मला माहीत नाही? तार सुटली असती तर? तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच बदलून ठेवला."

"आणि दुकान? आज दुकान जात होतं. बोलली नाहीस."

"जाऊ दे म्हटलं. तुम्ही राहिलात तर दुकानाचं काय एवढं? फार भीती वाटत होती मला. अजून वाटते."

दाजींना रडू आलं. या वेळी घरात खोकल्याच्या बाटल्या नव्हत्या, त्यामुळे मी तिथेच उभा राहिलो.

दारावरची बेल वाजली. दाजींनी चाव्या खिशात टाकल्या. "त्याला सांग, दुकान द्यायचं नाही. चहा हवा तर घेऊन जा म्हणावं."

कारागिराने चहा घेतला नाही. मी परत आलो तेव्हा ताई कपाटातून वजनांची पेटी काढत होती. एक किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन तिने काट्याशेजारी ठेवलं आणि काटा नीट लावायला बटणावर बोट नेलं.

"राहू दे," दाजी म्हणाले. "अजून पाच आठवडे आहेत."